बंदूक खांद्याला, कापूस कानाला

मराठी भाषेने कानाचे जेवढे लाड केले आहेत, तेवढे दुसऱ्या इंद्रियाचे क्वचितच केले असतील. आपण कान देतो, कान टवकारतो, कानाशी लागतो, कान फुंकतो आणि प्रसंगी दुसऱ्याचे कान उपटतोही. नको असलेली गोष्ट कानाआड करतो, आणि फारच नको असली तर कानांवर हात ठेवून मोकळे होतो. या सगळ्या वाक्प्रचारांत खरा कान नावापुरताच असतो. कारभार चाललेला असतो तो मनाचा. दोन प्रयोग मात्र अगदी अक्षरशः कानाचेच आहेत. एक 'कानठळ्या बसणे' आणि दुसरा 'कानांना दडे बसणे'. दोन्ही आपल्या पूर्वजांनी सोसून मग भाषेत आणलेले दिसतात. दडे बसतात आणि काही वेळाने सुटतात, हेही त्यांना ठाऊक होते. दडा सुटला तरी आतला जमाखर्च जुळलेला नसतो, ही माहिती मात्र अलीकडची आहे. या खेपेच्या सदराचा विषय तोच. बंदुकीच्या आवाजापासून कान कसे वाचवायचे, आणि त्यासाठी बाजारातून नेमके काय आणायचे?

"बंदूक? अहो, आमच्या घरात विळीसुद्धा बोथट आहे!" असे म्हणून पान उलटणाऱ्या वाचकाने क्षणभर थांबावे. आपल्या नांदेड-लातूरचीच गोष्ट घेऊ. नांदेडला राष्ट्रीय छात्रसेनेची ५२ महाराष्ट्र बटालियन आहे, लातूरला ५३ महाराष्ट्र बटालियन. दोन्हीकडच्या शाळा-कॉलेजांतली मुले-मुली शिबिराला जातात आणि आयुष्यातली पहिली गोळी .२२ रायफलीतून झाडतात. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. पोलीस भरतीसाठी आणि अग्निवीर भरतीसाठी पहाटे अंधारात मैदानाला फेऱ्या मारणारी पोरे तर दोन्ही गावांत रोज दिसतात. भरती झाली की हातात बंदूक आलीच. खेळाची ओढ वेगळी. २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. अशा बातम्या वाचल्या की मध्यमवर्गी घरातही एखादे चिरंजीव नाही तर कन्या जेवता जेवता म्हणते, "बाबा, मला रायफल क्लबात घाला." तेव्हा बंदूक आपल्या घरापासून वाटते तितकी लांब नाही.

अशाच एका पालकांनी परवा कॉलेजच्या व्हरांड्यात मला गाठले. "सर, पोरगी फायरिंगला जायलीय. कानात कापसाचा बोळा घातला तर भागतंय का?" हा प्रश्न मराठीच्या मास्तरला विचारावा याचे थोडे नवल वाटेल, पण कॉलेजात मराठीचा मास्तर तेवढा रिकामा सापडतो, अशी लोकांची जुनी समजूत आहे. उत्तर एका शब्दाचे होते: नाही. त्या 'नाही'मागची कारणे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या मापाची गंमत अशी की ते बेरजेने चढत नाही, गुणाकाराने चढते. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. घरात दोन माणसे बोलत बसली तर आवाज साधारण ६० डेसिबल. .२२ रायफलीचा बार झाडणाऱ्याच्या कानाशी १४० च्या आसपास. कागदावर फरक दिसतो ८० चा. शक्तीचा हिशेब केला तर तो दहा कोटी पट होतो. मोठ्या काडतुसाच्या रायफली आणि बारा बोअरची बंदूक १५० पासून १६५ पर्यंत जातात. क्षणभराच्या धमाक्याला कामगारांसाठी १४० ही शेवटची मर्यादा मानली जाते. मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० वर आणली आहे. म्हणजे रायफलींमध्ये सर्वांत लहान समजली जाणारी .२२ सुद्धा मर्यादेच्या उंबरठ्यावरच उभी आहे. 'लातूर पॅटर्न'च्या गावात टक्केवारीतला दशांशसुद्धा आई-बापांच्या झोपा उडवतो. त्यातली थोडी काळजी डेसिबलच्या वाट्याला यायला हरकत नाही.

एवढा आवाज आत शिरला की काय होते? डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. निसर्गाने मध्यकर्णात एक इवलासा स्नायू ठेवला आहे खरा. मोठा आवाज आला की तो आकसतो आणि आत जाणारा जोर कमी करतो. पण त्याला जागे व्हायला वेळ लागतो, भले तो सेकंदाचा छोटासा अंश का असेना. बंदुकीचा बार त्याआधीच येऊन काम उरकून गेलेला असतो. चोर पसार झाल्यावर कडी लावणाऱ्या राखणदारासारखी त्या स्नायूची गत होते.

त्याच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखी वळणावळणाची पोकळी असते. तिच्यात सुमारे १५,००० केशपेशी ओळीने उभ्या असतात. आवाजाची लाट आली की त्यांचे केस वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. जोंधळ्याचे उभे पीक डोळ्यांपुढे आणा. वाऱ्याने ते वाकते आणि वारा सरला की पुन्हा उभे राहते. गारपिटीने मात्र ताटच मोडते. २०१४ सालची गारपीट मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. बंदुकीचा आवाज हा वाऱ्याच्या जातीचा नव्हे, गारपिटीच्या जातीचा आहे. आणि या शेतात दुबार पेरणी नाही. माणसाच्या कानातली मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही, आणि ती उगवून देणारे औषध आजवर कुठल्याही डॉक्टराच्या हाती आलेले नाही.

नुकसानीची सुरुवात कोठून होते, हा भाग भाषेच्या माणसाला विशेष लागून राहतो. पहिला घाला बारीक, उंच पट्टीच्या आवाजांवर पडतो. आपली भाषा स्वर आणि व्यंजने यांच्या जोडीने चालते. स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, च, ट, थ, फ ही अघोष व्यंजने उंच पट्टीतली आणि नाजूक. आवाज मिळतो स्वरांतून, अर्थ ठरतो बराचसा व्यंजनांवरून. ताप, साप, चाप, काप या चार शब्दांत स्वर एकच आहे. निवाडा करते ते पहिले व्यंजन. तेच गळाले की शब्द ऐकू येतो, पण कोणता शब्द ते कळत नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. नोकरीत गोळीबाराचे सराव बरेच झाले आणि त्या काळी कानाला काही लावायची चाल नव्हती. श्रावणात एकदा अंगणात पोरांनी आरडाओरड केली, "मामा, साप! साप!" मामा ओसरीवरूनच शांतपणे म्हणाले, "ताप आलाय? मग गोळी द्या की." गल्ली पोट धरून हसली. मामाही हसले. पुढे एकदा मला म्हणाले, "आवाज सगळा येतोय हो सर, उमगत नाही." आता ते लग्नकार्याला जायचे टाळतात, कीर्तनाला मागे बसतात, आणि नातीचा फोन आला की फोन मामींच्या हाती देतात. बारीक आवाजातले तिचे बोबडे बोल त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. मामा माणसाकडे नेहमी उजवा कान करून बसतात, यालाही कारण आहे. उजव्या खांद्याला रायफल लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. म्हणून रायफलवाल्याचा डावा कान बहुधा आधी जातो.

असे नुकसान लगेच दिसत नाही, त्यामुळे ते कुणाला खरे वाटत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन तरुणपणी नट होते. १९३० नंतरच्या दशकात चित्रीकरण चालू असताना त्यांच्या कानाजवळ पिस्तुलाचा बार झाला. ते श्रवणयंत्र लावून लोकांपुढे आले ते १९८३ साली. कानाची उधारी अशी सावकाश वसूल होते.

तरुण पोरांना मात्र एवढी चाळीस-पन्नास वर्षांची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवाराने पाठ करून उभे राहायचे आणि ६१० सेंटिमीटरवरून कुजबुजलेले शब्द एकेका कानाने ऐकायचे, असा जुना निकष आहे. सहा मीटर म्हणजे वर्गाच्या फळ्यापासून जवळजवळ शेवटचा बाक. कुजबुजीत गळ्यातला घोष नसतो. सगळी भिस्त त्या नाजूक, उंच पट्टीच्या आवाजांवर असते. ज्या सरावाने पोरगे शिपाई व्हायचे, त्याच सरावात बेफिकिरीने कान गेले, तर तो शिपाईपणाच्या दारातूनच माघारी यायचा.

आता कापसाकडे वळू. कापूस म्हणजे धाग्यांच्या मधली हवाच. आवाज त्यातून सहज जातो. अडतात ते फार तर मोजके डेसिबल. दाराला चिकाचा पडदा लावल्याने ऊन अडेल, दरोडेखोर अडत नाही. बोटे कानात घालणे कापसापेक्षा बरे, पण मग घोडा कोणी ओढायचा? गाणी ऐकायचे मोबाइलचे इअरफोनही या कामाचे नव्हेत.

खरे उपाय दोन. पहिला इअरप्लग, म्हणजे कानात बसणारे बूच. मऊ फोमचे प्लग एका चहाच्या पैशात जोडीने मिळतात आणि नीट बसवले तर महागड्या साधनांच्या तोडीचे काम करतात. सारी मेख 'नीट बसवले तर' या शब्दांत आहे. हात स्वच्छ धुवावेत. समईची वात वळतात तसा प्लग बोटांत वळून बारीक सुरळी करावी. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढावी, म्हणजे कानाची वाकडी वाट सरळ होते. सुरळी आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावी. तेवढ्यात ती फुगून वाट बुजवते. बरोबर बसला की आपलाच आवाज रांजणात बोलल्यासारखा येतो. प्लगचा मोठा भाग बाहेर डोकावत असेल, तर तो प्लग नव्हे, कानातला दागिना समजावा. मुलींची आणि लहान मुलांची कर्णनलिका अरुंद असते. त्यांच्यासाठी लहान मापाचे मागून घ्यावेत. मळलेला फोम टाकून द्यावा. रबरी, चकत्याचकत्यांचे प्लग धुऊन पुन्हा वापरता येतात.

दुसरा उपाय इअरमफ. डोक्यावरून पट्टा आणि दोन्ही कानांवर दोन वाट्या. हिवाळ्यातली कानटोपी ती ही नव्हे. याचा फायदा असा की नवख्यालाही तो सहज घालता येतो आणि त्याने घातला आहे की नाही, हे शिक्षकाला दुरूनच दिसते. त्याचे वैर मात्र फटीशी आहे. चष्म्याची जाड दांडी, कानातले झुमके, गुंडाळलेली ओढणी, मधे अडकलेली वेणी, यांतले काहीही गादीखाली आले की फट पडते आणि आवाज तिथून घरात शिरतो. रायफलीसाठी पातळ वाटीचा मफ घ्यावा. जाड वाटी दस्त्याला अडते, नेम धरताना सरकते, आणि नेमका बाराच्या क्षणी कान उघडा पडतो.

डब्यावर किती डेसिबल अडतात तो आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतला असतो. तिथे साधन बसवणारा जाणता, बसवून घेणारा शांत, आणि कोणाला घाई नसते. मैदानावर त्याचा निम्मा पदरात पडला असे धरून चालावे. म्हणजे छापील ३० चे व्यवहारात १५. उघड्या मैदानावर .२२ साठी नीट बसवलेले एक साधन बहुधा पुरते. मोठी रायफल, बारा बोअर, किंवा भिंती-पत्र्याच्या आत चाललेला सराव असेल, तर आत प्लग आणि वर मफ अशी दुहेरी तटबंदी करावी. पण दोन्ही आकड्यांची बेरीज करू नये. ३० आणि २५ मिळून ५५ होत नाहीत. मोठ्या आकड्यात पाच-सातची भर पडली तर पुष्कळ झाले. आवाज कवटीच्या हाडांतूनही आत जातो आणि हाडांना बूच मारता येत नाही. दहा मीटरच्या स्पर्धेतली एअर रायफल त्यामानाने गरीब; तिथे साधा प्लग लावतात तो मन एकाग्र व्हावे म्हणून.

इलेक्ट्रॉनिक मफही मिळतात. ते बोलणे आत सोडतात आणि धमाका होताच दार मिटतात. शिक्षकाचे हुकूम ऐकू यावेत यासाठी ते उपयोगी आहेत. किंमत मात्र हजारांत जाते. चुकीच्या हाती बंदूक असताना 'थांब' हा शब्द न ऐकणे कानाच्या दुखापतीहून मोठे, म्हणून ही सोय कमी लेखू नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत मात्र आवाज पकडणारे वा वाढवणारे साधन खेळाडूला चालत नाही. तेव्हा स्पर्धेची हौस असलेल्याने साध्या साधनाचीच सवय करावी.

'महाग ते चांगले' या हिशेबाने खरेदी करणाऱ्यांसाठी अमेरिकेतले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. थ्री-एम ही जगातली नावाजलेली कंपनी. तिच्या सैनिकी प्लगविरुद्ध तिथल्या लाखो आजी-माजी सैनिकांनी दावे लावले. तक्रार अशी की प्लग लांबीला कमी, त्यामुळे कानात न कळत सैल पडतो. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलर द्यायचे मान्य करून प्रकरण मिटवले. साधन कोणत्या घराण्याचे, यापेक्षा ते आपल्या कानात घट्ट बसते का, हे आधी पाहावे.

मैदानावर आणखी दोन गोष्टी. पहिली, शेजाऱ्याचा बार. आपली पाळी संपली म्हणून प्लग काढून ओळीशेजारी गप्पा मारणाऱ्याला दुसऱ्याच्या बंदुकीचा आवाज कधीकधी झाडणाऱ्याहून जास्त लागतो, कारण तो नळीच्या तोंडाच्या बाजूला असतो. सराव पुरता थांबेपर्यंत कान झाकलेलेच राहावेत. दुसरी, शिक्षक. पोराच्या वाट्याला पाच-दहा गोळ्या येतात; शिक्षकाच्या कानावर दिवसभरातल्या सगळ्या येतात. त्यांनाही कोणीतरी प्लग द्यायला हवा.

इतके करूनही सरावानंतर कानात घुंई घुंई वाजू लागली किंवा दडे बसले, तर ते मर्दुमकीचे लक्षण समजू नये. आत गारा पडल्याची ती खूण आहे. दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल तर त्याच दिवशी जावे. काही उपचार पहिल्या दिवसांतच उपयोगी पडतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी लसणीचे कोमट तेल पुढे केले तर नमस्कार करून नको म्हणावे. पडदा फाटलेला असला तर ते तेल नवा उपद्रव करते. सराव सुरू होण्यापूर्वीच एकदा श्रवणतपासणी करून कागद जपून ठेवला, तर पुढे काय गेले आणि किती गेले, हे निदान कळते.

आणि हा दिवाळी अंक हाती घेऊन बसलेल्या घरात बंदूक नसली, तरी तिची लहान भावंडे या आठवड्यात अंगणात येणारच. कायद्याने फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण चार मीटर म्हणजे चांगली सात-आठ पावले, आणि आपली पोरे वातीपासून दोन पावलांवर उभी असतात. टिकल्यांचे पिस्तूल गमतीने दुसऱ्याच्या कानाशी उडवणे हाही खेळ नव्हे. इतक्या जवळून ती टिकली बंदुकीच्या पंगतीला जाऊन बसते.

व्हरांड्यातल्या त्या पालकांना मी एवढेच सांगितले, की शिबिराच्या यादीत बूट, पाण्याची बाटली आणि टॉर्च यांच्याखाली फोमच्या प्लगच्या चार जोड्या लिहा, आणि त्या कशा घालायच्या याचा सराव पोरीकडून आधी घरीच करून घ्या. त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतले. एवढ्या थोड्या खर्चात एवढी मोठी वस्तू सांभाळली जाण्याचे प्रसंग संसारात फार येत नाहीत. आपल्या मुलांचा नेम लागो, पदके मिळोत, भरतीच्या यादीत नावे झळकोत. आणि ते नाव पुकारले जाईल तेव्हा ते त्यांना पहिल्याच हाकेला ऐकू येवो.